हिरव्या रंगाखालचं बीड

कोल्हापूर, २२ जुलै

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतोस आणि मागं ग्राइंडर चालूच असतो, म्हणून लिहायला बसलो. तुमच्याकडचा टेम्पोवाला क्रँक ग्राइंडिंगला घेऊन आलाय, तो संध्याकाळी परत निघेल. त्याच्या हाती हे पाकीट देतोय. बातमीही त्यानंच आणली आहे, तेव्हा उत्तर त्यानंच न्यावं.

त्यानं चहा पिता पिता सहज सांगितलं. त्याला वाटलं, मामा खूश होईल. म्हणाला, "तुमच्या भाच्याचा हात लय फास्ट झालाय. सहा सिलिंडरचा ब्लॉक, खाऱ्या पाण्यानं पार खाल्लेला. गड्यानं दोन दिवसांत लांबी भरली, हिरवा रंग मारला, मालकाला वाटलं नवाच आणला." मी कप खाली ठेवला आणि विचारलं, त्याला पाण्याचा दाब दिला का? तर म्हणाला, ते काय आपल्याला ठाऊक नाही.

मग मी तुलाच विचारतो. दाब दिलास का?

सीझन मला कळतो, बाळू. १ जूनला बंदी लागली की मिरकरवाड्यातली एकेक होडी वर येते आणि जो तो आपलं इंजिन खोलून तुझ्या दारात आणून टाकतो. ३१ जुलैला बंदी संपते, १ ऑगस्टला सगळ्यांनाच पहिल्यांदा समुद्रात जायचं असतं. एकसष्ट दिवसांत वर्षाचं काम. त्यात लाइट जाते, पावसानं ओल धरते, पोरं सुट्टीवर जातात, मालक दिवसातून तीनदा येऊन उभा राहतो. या सगळ्यात एखाद्या रात्री हात लांबीच्या डब्याकडं जातो, हे मला कुणी सांगायला नको. तरी विचारतोच.

आधी त्या बिडाकडं नीट बघितलंस का? रंग खरवडून, पोपडे काढून, उघड्या बिडाला हात लावून? खाऱ्या पाण्यात बीड गंजतं तसं दिसत नाही, तिथंच माणूस फसतो. पत्रा गंजला की भोक पडतं, दिसतं तरी. बिडातलं लोखंड तेवढं खारं पाणी खाऊन टाकतं आणि आतलं ग्राफाइट जागच्या जागी राहतं. आकार तोच, कडा त्याच, बोल्टचं भोकही तेच, अगदी कास्टिंगवरचा उठावाचा नंबरसुद्धा वाचता येतो. पण खिशातला चाकू काढून टोकानं ओरखडा मार, पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी निघते. बोट काळं होतं. हातोडीनं ठोकलंस तर टण्ण वाजायच्या ऐवजी ओल्या लाकडासारखं थप्प वाजतं. असल्या ठिकाणी वेल्डिंग धरत नाही, स्टिचिंगची पिन धरत नाही, लांबी तर नाहीच नाही, कारण खाली धरायला काही उरलेलंच नसतं. चकाकणारं बीड लागेपर्यंत ते काळं काढून टाकावं लागतं. मग कधीकधी असं होतं, की काढता काढता भिंतच संपते. संपली तर संपली. मालकाला बोलवून त्याच्या हाताला ती काळी भुकटी लावायची आणि सांगायचं, हा ब्लॉक गेला.

तुला हे बोलायचं धाडस झालं नसेल, असं मला वाटतं. तू लहानपणापासून 'नाही' म्हणायला लाजतोस. दाजींसारखा आहेस.

लांबी वाईट म्हणत नाही मी. कोल्हापूरच्या माणसानं जुगाडाला नावं ठेवू नयेत. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, आणि आमच्या उद्यमनगरात विलायती यंत्र खोलून, त्याचा पार्ट बघून, बाजूच्या फौंड्रीत तसाच ओतून घ्यायची रीत जुनी. लोखंडाची पूड घातलेली एपॉक्सी मीही वापरतो. लायनरच्या खालच्या सीटवर, ओ-रिंग जिथं बसते त्या पट्ट्याच्या बाहेर चार-दोन खड्डे असले, तर ती भरून मी माझ्या नावानं इंजिन पाठवलेलं आहे. पण त्याआधी बीड आतून सुकलेलं लागतं. बिडाच्या छिद्रांत मीठ बसतं, तेल बसतं. गोड्या गरम पाण्यानं धुवायचं, शेगडीवर किंवा गॅसनं तापवायचं, घाम सुटतो तो पुसायचा, परत धुवायचं, परत तापवायचं. दोनतीनदा तरी. शेवटी पांढरा कपडा फिरवला तर तो पांढराच निघाला पाहिजे. रत्नागिरीच्या जुलैच्या हवेत हे दोन दिवसांत झालं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. वरून लांबी तापली की बिडाच्या कितीतरी पट फुगते. इंजिन रोज ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीला जातं, रोज थंड होतं. महिनाभर ती बिडाला धरून राहील, नंतर कडेनं सुटेल. केसाएवढी फट पुरते.

आणि ओ-रिंगच्या पट्ट्यावरच खड्डे असतील, तर लांबीचा डबा बंदच ठेवायचा. तिथं खालचा बोअर मोठा करायचा, बिडाची नाहीतर स्टीलची रिंग टाइट बसवायची आणि परत मूळ मापाला बोअर करायचं. ताईच्या पाटल्या मोडून ती बोरिंग मशीन घेतली, ती याच कामाला ना रे? तिच्यावर ताडपत्री टाकून तू तिच्या शेजारी बसून लांबी कालवलीस, हे काही मला पटत नाही. चीड येते खरं सांगायचं तर. वरच्या बाजूलाही तेच. लायनरची कॉलर बसते ती खाच खाऊन गेली असेल, तर तिथं गॅस्केट पेस्ट थापू नकोस. खाच साफ करून खालचं बीड सपाट घे, शिम घाल, आणि लायनर ब्लॉकच्या वर किती थाऊ राहतो ते डायलनं मोज. सहाच्या सहा सारखे पाहिजेत. कंपनीच्या पुस्तकात माप दिलेलं असतं, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. एक जरी खाली बसला, तरी गॅस्केट त्याच ठिकाणी फुंकणार.

मुळात हे झालं कशानं, ते मालकाला विचारलंस का? टेम्पोवाला म्हणतो, कूलरची नळी फुटून समुद्राचं पाणी आतल्या गोड्या पाण्यात शिरलं होतं आणि बोट तशीच तीन महिने चालवली. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असतं त्या पाण्यात. बरं, कूलरमधल्या जस्ताच्या कांड्या बघितल्यास? समुद्राचं पाणी आधी जस्त खातं आणि लोखंडाला सोडतं, म्हणून त्या घालतात. झिजल्या की बदलायच्या. पण कुणा शहाण्यानं त्यांनाही हिरवा रंग मारलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. रंगाखालचं जस्त पाण्याला लागतच नाही, मग ते खाणार काय? ती नळी आणि त्या कांड्या तशाच ठेवून ब्लॉक दुरुस्त केलास, तर पुढच्या बंदीत हाच ब्लॉक परत तुझ्या दारात येईल.

आलाच तर.

हे मी लिहिणार नव्हतो, हातून गेलं. पण आता लिहिलंय तर राहू दे. ११ नोव्हेंबर २००९ तुला आठवत असेल. फयान वादळ आलं तेव्हा तू नऊदहा वर्षांचा होतास. दाजी समुद्रात होते. मी इथून निघून रात्री पोचलो, तर ताई जेट्टीवर पदर डोक्यावरून घेऊन उभी, आणि तू माझ्या शर्टाचं टोक धरलंस ते सकाळपर्यंत सोडलं नाहीस. दाजी दुसऱ्या दिवशी जयगडच्या खाडीतून आले. त्या दिवसापासून ते होडीत चढले नाहीत, जाळी विणत बसतात. त्यांनी त्या रात्रीचं मला एवढंच सांगितलं, "इंजिन बंद पडलं नाही. तोंड लाटेला धरून ठेवता आलं, म्हणून आलो." ते इंजिन कुणी भरलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. त्या मिस्त्रीनं लायनर घालताना काय केलं आणि काय नाही, याचा आपण कुणी कधी विचार केला नाही. मी आता करतो.

बाळू, दाब दिलास का?

तुला आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या मामीलाही ठाऊक नाही.

१९८४ साल. मी बावीस वर्षांचा, उस्तादांकडं चौथं वर्ष. माझा हात तेव्हा असाच फास्ट होता आणि सगळं उद्यमनगर मला बघतंय अशी माझी समजूत होती. देवगडकडचं एक दोन सिलिंडरचं होडीचं इंजिन आलं. दोन नंबरच्या खालच्या सीटला पट्ट्यावरच खड्डे, बोटाचं नख अडकेल असे. उस्ताद आषाढीला पंढरपूरला निघाले होते. जाताना म्हणाले, "मी आल्यावर त्यात रिंग घालूया. तवर हात लावू नगंस." मालक दुसऱ्याच दिवशी आला. नारळी पौर्णिमेला होडी ढकलायची म्हणाला. मी म्हटलं, हे काय काम आहे? खड्ड्यांत लांबी भरली, शेलॅक लावलं, लायनर ठोकला. नळाचं गार पाणी भरून दहा मिनिटं बघितलं, थेंब आला नाही. गार पाण्यात येणारच नव्हता. मग रंग मारला. हिरवाच.

उस्ताद परत आले, टाळ खुंटीला लावला आणि पहिलं हेच विचारलं, "रिंग घातलीस न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय."

तिसऱ्या आठवड्यात रात्री पाणी तेलात उतरलं. चेंबरमधलं तेल ताकासारखं पांढरं झालं, बेअरिंग धरलं, इंजिन जाम. वारा जमिनीवरून समुद्राकडं होता. दोन रात्री होडी वाहत गेली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीनं दोर टाकून ओढून आणली. सगळे जिवंत आले. पण त्यात भात शिजवायला घेतलेला एक चौदा वर्षांचा पोरगा होता. आल्यावर तो आठ दिवस कुणाशी बोलला नाही, आणि पुढं समुद्रावर गेला नाही असं ऐकलं. मी त्याला कधी बघितलं नाही. माझ्या मनात त्याला तोंड नाही, नुसते खांदे आहेत.

तांडेल ब्लॉक घेऊन आला तेव्हा उस्तादांनी तो उलटा करून पाहिला. लांबी तोवर पाण्यानं वाहून गेली होती, नुसते खड्डे उरले होते. रिंग नाही, हे त्यांना दिसलं नसेल असं मला आज वाटत नाही. त्यांची नजर तशी नव्हती. पण ते तांडेलाला म्हणाले, "कास्टिंगच जाळीदार हाय ह्याचं. पोरानं काम चांगलं केल्तं." आणि स्वतःच्या पैशातून दुसरा ब्लॉक भरून दिला. त्या वर्षी त्यांनी धाकट्या मुलीचं लग्न पुढं ढकललं. कारण काय ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. १९९७ ला ते गेले. तेरा वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या पाया पडून लेथ चालू करत होतो. तेवढ्या सकाळी हाताशी होत्या, एकदाही तोंड उघडलं नाही.

म्हणून मला लांबीचं एवढं काही वाटलेलं नाही. लांबी सगळेच भरतात. तू वर रंग मारलास, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तो रंग कशाला मारला, हे मी स्वतःला चाळीस वर्षं विचारतोय. ब्लॉक तसाच उघडा ठेवला असता, तर उस्तादांनी आल्या आल्या पाहिला असता, चार शिव्या घातल्या असत्या, रिंग घातली असती, संपलं असतं.

फार बोललो. तू काय केलंस ते मी पाहिलेलं नाही, एका टेम्पोवाल्याच्या तोंडचं ऐकून एवढं लिहितोय. कदाचित तू रिंगा घातल्या असशील, दाबही दिला असशील आणि त्याला फक्त वरचा रंग दिसला असेल. तसं असेल तर मामाला म्हातारचळ लागला म्हण आणि हे पत्र भट्टीत टाक. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. अकरावीत असताना तू त्या जुन्या पंपाच्या घराला पडलेली चीर स्टिचिंग केली होतीस, आठवतं? चिरेच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडलंस, म्हणजे चीर पुढं पळणार नाही. मग भोक, आटे, पिन, पुढचं भोक आधीच्या पिनेला खाऊन, असं एकेक करत गेलास. शेवटी केरोसीन फासून पुसलंस, वर खडूची पूड लावलीस आणि तासभर स्टुलावर बसून वाट पाहत राहिलास, कुठं काळी रेघ उमटते का म्हणून. उमटली नाही. मी मुद्दाम काही बोललो नाही तेव्हा. घरी आल्यावर मामीला म्हटलं, हा पोरगा माझ्यापेक्षा पुढं जाणार. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. उस्तादांसारखं आम्हीही कौतुक पाठीमागंच करतो, ती आमची खोड.

मग आता असं कर. इंजिन होडीत चढवलं असेल तरी उतरवायला लाव. मालक ओरडेल, ओरडू दे, माझं नाव सांग. वेल्डिंगच्या नादाला एकटा लागू नकोस. निकेलची रॉड असली, तरी इंचाइंचानं मारून, प्रत्येक इंचाला हातोडीनं हलकं ठोकून, हात ठेवता येईल इतकं निवल्याशिवाय पुढं जायचं नसतं. घाईत मारलेल्या वेल्डिंगच्या शेजारी रात्री निवताना 'टिक' असा आवाज येतो, आणि मग आणखी एक चीर घेऊन बसावं लागतं. तो आवाज मी पुष्कळ ऐकलाय. तू नुसता रंग काढून ठेव. थिनर लाव, तारेचा ब्रश मार, खालपर्यंत उघडा कर. बाकी दोघं मिळून बघू.

दाबाच्या प्लेटा मी घेऊन येतो. रबर, नटबोल्ट, गेज सगळं आहे. तुझ्याकडं पाणी तापवायला मोठं पातेलं नसेल, तर ताईकडचं लग्नातलं तपेलं घे. पाणी गरमच पाहिजे, हात घालवणार नाही इतकं. तीन किलोचा दाब देऊन अर्धा तास काट्याकडं बघत बसायचं. जागचा हलला नाही, तर मी स्वतः माझ्या हातानं त्याला हिरवा रंग मारीन. हलला, तर मालकाला मी सांगतो. तुला सांगायचा संकोच वाटत असेल तर शेजारी नुसता उभा राहा, तेवढं पुरे. दुसरा ब्लॉक घ्यावा लागला, तर इथल्या भंगारवाल्यांकडं मी कालच चौकशी करून ठेवली आहे. एक आहे, बोअर स्टँडर्ड आहे. पैशांचं नंतर बघू. तुझी बोरिंग मशीन विकायची वेळ आली, तर मी माझी लेथ आधी विकीन, हे ध्यानात ठेव. तसंही माझे गुडघे आता तिच्यापुढं उभे राहत नाहीत.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघतो. आंबा घाटात दरड आली नसेल, तर अकराच्या सुमारास पोचेन. तोवर जेवत जा वेळेवर. टेम्पोवाला म्हणाला, तू वाळलायस. मामीनं मेतकूट आणि कांदालसूण चटणी दिली आहे पाकिटाबरोबर. चटणी सगळी पोरांना वाटू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. ताईला यातलं काही सांगू नकोस. कशाला येतोय विचारलं, तर मासे खायला येतोय म्हण. बंदीत कसले मासे, ती ओळखेलच. तरी तेवढंच सांग.